राष्ट्रीय खेळ जगभर कसा रुजतो? नियामक संस्थेच्या कामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या देशाचा आपला म्हणून ओळखला जाणारा खेळ इतर देशांत रुजवायचा, तर नियामक संस्थेने काय करावे लागते, याविषयी खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि संघटक नेहमी विचारतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांना प्रामुख्याने तायक्वांदो, ज्युदो, कबड्डी आणि लॅक्रोस (जाळीदार काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा सांघिक खेळ) या खेळांच्या प्रत्यक्ष इतिहासाचा आधार आहे, कारण या चारही खेळांनी ही वाट वेगवेगळ्या वेगाने आणि वेगवेगळी किंमत मोजून चालून पाहिली आहे.

प्रश्न : खेळाला कायद्याने ‘राष्ट्रीय खेळ’ असा दर्जा मिळालेला असावा लागतो का?

आंतरराष्ट्रीय प्रसारासाठी त्याची गरज नाही. कॅनडाने १९९४ मध्ये कायदा करून लॅक्रोसला उन्हाळी आणि आइस हॉकीला हिवाळी राष्ट्रीय खेळ ठरवले. दक्षिण कोरियाने तायक्वांदोला असा कायदेशीर दर्जा दिला तो २०१८ मध्ये, म्हणजे तो ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ होऊन बराच काळ लोटल्यावर. कबड्डी हा बांगलादेशाचा राष्ट्रीय खेळ आहे. भारतात मात्र कोणताच खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही, हॉकीसुद्धा नाही. परदेशातली शाळा किंवा क्रीडा खाते एखादा खेळ स्वीकारताना हा दर्जा पाहत नाही. शिकवायला कोण येणार, नियम कोठे मिळणार आणि स्पर्धा कोठे होणार, एवढेच विचारते.

प्रश्न : खेळ मुळात चांगला असेल तर तो आपोआप पसरेल. त्यासाठी संस्था कशाला हवी?

खेळ पसरतो हे खरे. स्थलांतरित, सैनिक, विद्यार्थी आणि व्यापारी यांनी कितीतरी खेळ समुद्रापार नेले. पण प्रत्येक जण आपल्या गावात खेळला जाणारा प्रकार घेऊन जातो. पंजाबमधून कॅनडा आणि ब्रिटनमध्ये गेलेल्या लोकांनी तेथे जी कबड्डी नेली ती वर्तुळाकार मैदानावरची आहे, आणि तिच्यात बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नाही. आशियाई क्रीडा स्पर्धेत खेळली जाणारी कबड्डी आयताकृती मॅटवरची आहे आणि बाद होणे, जिवंत होणे हा तिचा प्राण आहे. दोन्ही प्रकारांवर जीव टाकणारे लोक आहेत, पण एका प्रकारात तयार झालेला संघ दुसऱ्या प्रकारात तसाच उतरवता येत नाही.

कोठेही गेले तरी मैदानाचे माप, सामन्याचा वेळ, बाद होण्याची व्याख्या आणि तक्रारीचा मार्ग एकच असेल, अशी हमी देणारी यंत्रणा म्हणजे नियामक संस्था. ही हमी नसेल तर खेळाचे चाहते वाढतात, स्पर्धा मात्र उभी राहत नाही.

प्रश्न : मूळ देशाचा राष्ट्रीय महासंघच आंतरराष्ट्रीय संस्थेचे काम पाहू शकणार नाही का?

सुरुवातीच्या काही वर्षांत बहुधा तसेच होते. माणसे तीच, कार्यालय तेच, खर्चही तोच महासंघ करतो, आणि त्यात गैर काही नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा ही तात्पुरती सोय कायमची होऊन बसते.

दोन्ही संस्थांच्या जबाबदाऱ्या एकमेकींच्या आड येणाऱ्या आहेत. राष्ट्रीय महासंघाने आपल्या देशाचा संघ जिंकावा यासाठी झटायचे असते, तर आंतरराष्ट्रीय महासंघाने कोणताही संघ जिंकू शकेल अशी परिस्थिती राखायची असते. एकाच पदाधिकाऱ्याने सकाळी संघनिवडीच्या बैठकीला आणि दुपारी पंचनियुक्तीच्या बैठकीला बसावे, हे त्याच्या प्रामाणिकपणावरही अन्याय करणारे आहे, कारण त्याने कितीही तटस्थपणे निर्णय घेतला तरी हरलेला पाहुणा संघ त्यावर विश्वास ठेवणार नाही.

कोरियाने ही विभागणी बऱ्यापैकी लवकर केली. देशांतर्गत खेळासाठी कोरियाची तायक्वांदो संघटना, प्रशिक्षण आणि ‘दान’ म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणीच्या प्रमाणपत्रांसाठी सोलमध्ये १९७२ साली उघडलेले कुक्कीवॉन आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी १९७३ मध्ये स्थापन झालेला जागतिक महासंघ, अशी तीन कामे तीन संस्थांकडे गेली. तिन्हींची माणसे आरंभी एकमेकांत मिसळलेली होती, परंतु कागदावर वेगळेपणा असल्यामुळे पुढे तो प्रत्यक्षात आणणे शक्य झाले.

ज्युदोचे उदाहरण याहून बोलके आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ १९५१ मध्ये युरोपीय देशांच्या पुढाकाराने स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष आल्दो टोर्टी हे इटलीचे होते. पुढच्याच वर्षी जपान आत आला आणि ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचे पुत्र रिसेई कानो अध्यक्ष झाले. १९६५ मध्ये मात्र ते पद ब्रिटनच्या चार्ल्स पामर यांच्याकडे गेले. ज्या देशात खेळ जन्मला, त्या देशाला निवडणुकीत हरता येणे, ही आंतरराष्ट्रीय संस्थेची खरी कसोटी आहे असे आमचे मत आहे.

प्रश्न : प्रसाराची सुरुवात शेजारी देशांपासून करावी, की एकदम दूरच्या खंडांत जावे?

शेजाऱ्यांपासून. प्रवास स्वस्त पडतो, खेळाशी मिळतेजुळते काहीतरी तेथे आधीपासून असते आणि वर्षातून दोनदा भेट होऊ शकते. कबड्डीचा क्रम पाहा : १९७४ मध्ये भारतीय संघाचा बांगलादेश दौरा, १९७८ मध्ये आशियाई महासंघ, १९८० मध्ये कोलकात्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा दर्जा. पहिल्या दौऱ्यापासून पदकापर्यंत सोळा वर्षे लागली आणि त्यातली एकही पायरी गाळता येण्यासारखी नव्हती.

प्रश्न : मोठ्या स्पर्धेच्या वेळी खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले तर त्याचा उपयोग होतो का?

त्यामागे पाठपुरावा असेल तरच होतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळ आणि व्यायामप्रकार तेथे सादर केले, आणि त्या काळात एवढ्या दूर पथक नेणे ही मोठीच हिंमत होती. परंतु पाहणाऱ्या देशांत राहून शिकवणारा कोणी नव्हता, नियमपुस्तिका नव्हती, आणि पुढच्या वर्षी कोणाशी पत्रव्यवहार करायचा याचे उत्तर देणारी आंतरराष्ट्रीय संस्थाही नव्हती. याउलट तायक्वांदो १९८८ मध्ये सोलला आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला प्रात्यक्षिक खेळ म्हणून आला, तेव्हा त्याचा महासंघ स्थापन होऊन पंधरा वर्षे झाली होती. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला २००० च्या सिडनी स्पर्धेसाठी पदकाचा खेळ म्हणून स्वीकारले.

प्रश्न : परदेशी लोकांना सोयीचे जावे म्हणून नियम बदलावेत का? मग खेळाचे मूळ रूप राहील का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. यावर भांडणारे दोन्ही पक्ष खेळावर मनापासून प्रेम करणारे असतात, म्हणून तो सोडवताना घाई करू नये.

ज्युदोत दोन्ही स्पर्धक पांढराच पोशाख घालत. दूरचित्रवाणीवर आणि दूरच्या आसनांवरून कोण कोणाला फेकतो आहे हे कळत नसे. नेदरलँड्सचे अँटन खेसिंक यांनी १९८६ मध्ये एका स्पर्धकाला निळा पोशाख द्यावा, अशी सूचना केली. जपानचा विरोध तीव्र होता, कारण त्यांच्या दृष्टीने पांढरा रंग हा निव्वळ कापडाचा रंग नव्हता. त्यामागे साधनेची कल्पना होती. तरीही १९९७ मध्ये महासंघाने निळा पोशाख मान्य केला. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो नेहमीचा झाला आहे, पण वाकून नमस्कार करण्याची रीत, पंचाच्या जपानी आज्ञा आणि फेकीची जपानी नावे तशीच राहिली. बदल दिसण्यात झाला, खेळण्यात नाही. पंचाला आणि प्रेक्षकाला खेळ नीट दिसावा यासाठी केलेला बदल सहसा पचतो.

खेळण्याची पद्धतच बदलणारा नियम मात्र जपून करावा लागतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोच्या निकालांवरून वाद झाले, एका स्पर्धकाने तर चिडून पंचाच्या चेहऱ्यावर लाथ मारली. त्यानंतर २०१२ मध्ये लंडनला छातीच्या संरक्षक कवचात विद्युत संवेदक आले, चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय आली आणि पंचांवरचा संशय बराच कमी झाला. पण कवचाला पाय लागला की गुण मिळतो हे कळल्यावर खेळाडू पुढचा पाय हवेत धरून नुसते टेकवाटेकवी करू लागले, आणि जुन्या गुरूंना ज्या फिरत्या लाथांचा अभिमान होता त्या कमी दिसू लागल्या. महासंघाला मग फिरत्या लाथेला जास्त गुण देऊन आणि पाय उगाच हवेत धरण्याला दंड लावून खेळ पुन्हा वळवून घ्यावा लागला. एका नियमाने न्याय आणला आणि देखणेपणा घालवला. दुसऱ्याने तो अंशतः परत आणला. अशी दुरुस्ती करण्याची तयारी आणि आकडेवारी ठेवण्याची सवय ज्या संस्थेत नाही, तिने मोठे बदल करूच नयेत.

तिसरा मार्ग म्हणजे मूळ प्रकार तसाच ठेवून त्याच्या शेजारी छोटा प्रकार उभा करणे. लॅक्रोसच्या मैदानी प्रकारात एका बाजूला दहा खेळाडू लागतात. जागतिक संस्थेने सहा खेळाडूंचा आटोपशीर प्रकार तयार केला आणि तोच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी निवडला गेला. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१८ मध्ये महिलांच्या आणि २०१९ पासून पुरुषांच्या, सर्व सदस्य देशांमधील वीस षटकांच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, पण कसोटीच्या नियमांना हात लावला नाही. आम्हांला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आयर्लंडचे हर्लिंग आणि स्कॉटलंडचे शिंटी या काठी-चेंडूच्या भाऊबंद खेळांनी तर दोन्ही बाजूंनी थोडी माघार घेऊन तडजोडीचे नियम केले, आणि त्या नियमांनी दोन देशांचे संघ एकमेकांशी खेळतात.

प्रश्न : पंचांच्या प्रशिक्षणाला एवढे महत्त्व का दिले जाते? खेळाडू आधी तयार करायला नकोत का?

दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावी लागतात, आणि पहिला परदेशी पंच हा पहिल्या परदेशी विजेत्यापेक्षा अधिक दुर्मीळ असतो. कबड्डीतला बोनस गुण घ्या. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत असला, तरच तो गुण मिळतो. लहानपणापासून खेळ पाहिलेल्या माणसाची नजर आपोआप मागच्या पायाकडे जाते. नवख्या पंचाची नजर चढाईपटूच्या हाताकडे असते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही. शेकडो चढायांची चित्रणे थांबवून पाहावी लागतात आणि जाणत्या पंचासोबत प्रत्यक्ष सामन्यांत उभे राहावे लागते.

पंचांना नियम सारखे माहीत नसतील तर काय होते, हे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिले. भारत आणि इराण यांच्यातील पुरुषांचा अंतिम सामना शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरीत होता. भारताचा चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्या मागोमाग बचावपटूही गेले. अशा वेळी बाद कोण, याविषयी जुना नियम एक सांगत होता आणि व्यावसायिक प्रो कबड्डी लीगमधून रुळलेला नवा नियम दुसरे. निर्णय एकापेक्षा अधिक वेळा फिरला, दोन्ही संघांनी आक्षेप घेतले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला, पण खेळ पहिल्यांदाच पाहणाऱ्या देशांच्या मनात त्या तासाभराचीच आठवण राहिली असणार, याचे आम्हांला आजही वाईट वाटते. स्पर्धेपूर्वी सर्व संघांकडून एकाच नियमावलीवर सही घेणे हे साधे काम आहे, आणि ते नियामक संस्थेचेच काम आहे.

प्रश्न : आपले प्रशिक्षक परदेशात पाठवले तर तेच देश उद्या आपल्याला हरवतील. हा स्वतःच्या पायावर धोंडा नव्हे का?

ते देश हरवतील, आणि ज्या दिवशी हरवतील त्या दिवशी खेळ आंतरराष्ट्रीय झाला असे समजावे.

१९६१ च्या जागतिक ज्युदो स्पर्धेत अँटन खेसिंक यांनी जपानी मल्लांना मागे टाकून विजेतेपद मिळवले. तीन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा खुल्या गटाच्या अंतिम लढतीत त्यांनी अकिओ कामिनागा यांना हरवले. जपानला हा घाव जिव्हारी लागला. परंतु वजनाच्या गटांची गरज का आहे, धिप्पाड युरोपीय मल्लाविरुद्ध तंत्र कसे वापरावे आणि प्रशिक्षणात काय कमी पडले, याचा विचार याच पराभवांमुळे वेगाने झाला. जपान आजही ज्युदोतला सर्वांत यशस्वी देश आहे.

कबड्डीत हे वळण २०१८ मध्ये जकार्ता येथे आले. १९९० पासून आशियाई स्पर्धेतले प्रत्येक सुवर्ण जिंकत आलेला भारतीय पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला. महिलांच्या अंतिम फेरीत इराणने भारताला २७–२४ असे हरवले, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या वेळी काहींनी त्यांच्याविषयी कटू बोलले. खरे तर एका भारतीय प्रशिक्षिकेने परभाषेत, परक्या रीतिरिवाजांत राहून एक संघ सर्वोच्च यशापर्यंत नेला, ही भारतीय कबड्डीची फार मोठी मिळकत होती. पुढच्याच स्पर्धेत भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली, आणि मधल्या पाच वर्षांत संघाची तयारी पूर्वीपेक्षा कसून झाली.

तायक्वांदोने तर हे सगळ्यांत दूरवर नेले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाला तायक्वांदोत एकही सुवर्ण मिळाले नाही. दुसरीकडे अफगाणिस्तानचे पहिले ऑलिंपिक पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाई यांनी तायक्वांदोत मिळवले; जॉर्डनचे पहिले ऑलिंपिक पदक आणि आयव्हरी कोस्टचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण २०१६ मध्ये रिओला याच खेळातून आले. ज्या देशाला त्याचे पहिले पदक एखाद्या खेळाने दिले, तो देश त्या खेळाची साथ सहजासहजी सोडत नाही. ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून खेळ वगळण्याची चर्चा निघते तेव्हा हीच कृतज्ञता महासंघाच्या कामी येते.

प्रश्न : मूळ देश फारच बलवान असेल तर इतरांचा उत्साह टिकवण्यासाठी काय करता येते?

प्रवेशिकांवर मर्यादा घालता येते. लंडन ऑलिंपिकपर्यंत तायक्वांदोच्या आठ वजनगटांपैकी एका देशाला जास्तीत जास्त चार स्पर्धक, दोन पुरुष आणि दोन महिला, उतरवता येत. याचा अर्थ कोरियाला निम्मी सुवर्णपदके प्रयत्नच न करता इतरांसाठी सोडावी लागत. खेळ पुरेसा पसरल्यावर ही मर्यादा सैल करण्यात आली. शिवाय मूळ देशाच्या दुसऱ्या फळीला वेगळ्या निमंत्रित स्पर्धांत खेळवणे आणि नव्या देशांसाठी स्वतंत्र विभाग ठेवणे, हेही करता येते. पहिल्या सामन्यात साठ गुणांनी हरलेला संघ पुढच्या वर्षी परत येईलच असे धरून चालू नये.

प्रश्न : ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळवण्याची प्रक्रिया कशी असते?

पहिली पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता, आणि मान्यता म्हणजे कार्यक्रमात समावेश नव्हे. मान्यतेसाठी खेळाची एकच सर्वमान्य जागतिक संस्था, अनेक खंडांत खऱ्या अर्थाने काम करणारे राष्ट्रीय महासंघ, नियमित जागतिक स्पर्धा, जागतिक उत्तेजकविरोधी संहितेचे पालन आणि वाद सोडवण्यासाठी लोझानच्या क्रीडा लवादाचा स्वीकार, एवढे असावे लागते. कार्यक्रमात समावेशासाठी पूर्वीच्या ऑलिंपिक सनदेत पुरुषांसाठी चार खंडांतील पंचाहत्तर देश आणि महिलांसाठी तीन खंडांतील चाळीस देश असा ठोक आकडाही होता.

२०१४ च्या सुधारणांनंतर यजमान शहराच्या संयोजन समितीलाही काही खेळ सुचवता येऊ लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिससाठी क्रिकेट, लॅक्रोस, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे खेळ असेच स्वीकारले गेले. स्क्वॉशने त्याआधी अनेक वेळा नकार पचवला होता. यजमानाच्या पसंतीने आलेला खेळ पुढच्या स्पर्धेत राहीलच याची शाश्वती नसते, म्हणून महासंघाने आपले सगळे नियोजन ऑलिंपिकला टांगून ठेवू नये. खंडीय स्पर्धा, विद्यापीठांच्या स्पर्धा आणि स्वतःची जागतिक स्पर्धा यांवरच खेळाचा रोजचा संसार चालतो.

प्रश्न : एकाच खेळाच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्था झाल्या तर?

फार नुकसान होते, आणि ते भरून यायला पिढी जाते. तायक्वांदोची पहिली आंतरराष्ट्रीय संस्था जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये सोलमध्ये काढली. राजकीय मतभेदांमुळे ते १९७२ मध्ये कॅनडाला गेले, संस्थाही त्यांच्याबरोबर गेली आणि सोलमध्ये १९७३ साली दुसरी संस्था उभी राहिली. पुढे दोन्हींचे नियम, पोशाख आणि कवायती वेगळ्या होत गेल्या. २०१४ मध्ये नानजिंगला दोन्ही संस्थांनी करार करून एकमेकींच्या खेळाडूंना आपापल्या स्पर्धांची दारे उघडण्याचे ठरवले, तोवर चार दशके गेली होती. फूट पडू लागली की तत्त्वाचा मुद्दा कोणता आणि पदाचा कोणता, हे वेळीच वेगळे करून पदाच्या मुद्द्यावर आधी तोडगा काढावा.

प्रश्न : खेळ आमचाच, असा दावा शेजारी देशही करत असेल तर काय करावे?

स्पर्धा चालवायला मालकीचा निकाल लागायची गरज नसते. २०२३ मध्ये कंबोडियाने आग्नेय आशियाई स्पर्धेत मुए थाई या थायलंडच्या मुष्टियुद्धाऐवजी कुन ख्मेर या नावाने सामने घेतले, थायलंडने त्यावर बहिष्कार घातला, आणि नुकसान झाले ते दोन्ही देशांतल्या मुष्टियोद्ध्यांचे. इतिहासाचा वाद अभ्यासकांवर सोपवावा. महासंघाने नियमावली आणि सुरक्षितता यांवर एकमत घडवावे.

खेळाचे मूळ धनी एखाद्या देशाच्या चौकटीत बसत नसतील तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. लॅक्रोस हा उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी लोकांचा खेळ आहे, आणि हौडेनोसौनी या मूळनिवासी राष्ट्रसमूहाचा संघ जागतिक स्पर्धांत स्वतःच्या नावाने उतरतो. २०१० मध्ये त्यांचे पारपत्र ब्रिटनने न स्वीकारल्यामुळे मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावे लागले. ऑलिंपिकमध्ये तर केवळ राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांनाच संघ पाठवता येतो. ज्यांनी खेळ दिला त्यांनाच प्रेक्षागृहात बसावे लागू नये, यासाठी जागतिक संस्थेने शेवटपर्यंत भांडले पाहिजे असे आम्हांला वाटते.

प्रश्न : परंपरेत स्त्रियांना स्थान नसेल तर काय?

जागतिक प्रसार हवा असेल तर स्थान द्यावेच लागते. जपानच्या व्यावसायिक सुमोच्या आखाड्यात स्त्रियांनी पाऊल ठेवायचे नाही ही रूढी अजून आहे, परंतु १९९२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी सुमो महासंघाच्या स्पर्धांत स्त्रिया लढतात. ज्युदोत महिलांचा गट ऑलिंपिकमध्ये १९८८ ला प्रात्यक्षिक म्हणून आणि १९९२ पासून पदकासाठी आहे. खो-खोने २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत आपली पहिली विश्वचषक स्पर्धा घेतली तेव्हा पुरुष आणि महिला असे दोन्ही गट पहिल्याच दिवसापासून ठेवले, ही समाधानाची गोष्ट आहे.

प्रश्न : व्यावसायिक लीगमुळे प्रसाराला मदत होते, की महासंघाचे महत्त्व कमी होते?

दोन्ही होऊ शकते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने हा खेळ घराघरांतल्या पडद्यावर नेला. इराणचा फजल अत्राचली मुंबईच्या संघाचा कर्णधार झाला, कोरियाचा जांग कुन ली बंगालच्या संघाचा लाडका चढाईपटू झाला. २०१६ च्या विश्वचषकात कोरियाने सलामीलाच भारताला हरवले तेव्हा या अनुभवाचा वाटा त्यात नक्कीच होता. पण लीग प्रेक्षकांसाठी नियमांत बदल करते, आणि ते बदल आंतरराष्ट्रीय नियमावलीत आले आहेत की नाहीत हे महासंघाने स्पष्ट केले नाही, तर हांगझोसारखा प्रसंग ओढवतो. लीगने नवा नियम करून पाहावा. तो जगभर लागू होईल की नाही हे ठरवण्याचा अधिकार महासंघाने सोडू नये.

प्रश्न : कारभारातील पारदर्शकतेचा खेळाच्या प्रसाराशी काय संबंध?

थेट संबंध आहे. तायक्वांदोला ऑलिंपिकपर्यंत नेणारे किम उन-योंग यांना पुढे भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाली आणि त्यांचे कर्तृत्व झाकोळले. नव्या नेतृत्वाला खेळाचे स्थान टिकवण्यासाठी प्रथम विश्वास परत मिळवावा लागला. मुष्टियुद्धाच्या जुन्या जागतिक संस्थेची मान्यता आर्थिक आणि कारभारविषयक कारणांवरून २०२३ मध्ये काढून घेतली गेली आणि एवढ्या जुन्या खेळालाही ऑलिंपिकमधले स्थान राखण्यासाठी नव्या संस्थेची वाट पाहावी लागली. भारतीय कबड्डी महासंघावर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला. मूळ देशाच्या महासंघाचा कारभार न्यायालयात गेला की परदेशातील छोटा महासंघ आपल्या सरकारकडे अनुदान मागताना निरुत्तर होतो. लेखापरीक्षण झालेले हिशेब, पदांना कालमर्यादा, खेळाडूंना कार्यकारिणीत मत आणि पंचनियुक्तीची स्वतंत्र समिती, एवढे तरी असायलाच हवे.

प्रश्न : सरकारी मदत घ्यावी का?

घ्यावी, परंतु संस्थेच्या घटनेत सरकारला नकाराधिकार देऊ नये. सरकारी हस्तक्षेपाच्या कारणावरून राष्ट्रीय संस्थांचे निलंबन झाल्याची उदाहरणे अनेक खेळांत आहेत. दूतावासांमार्फत सभागृह, प्रवेशपत्रे (व्हिसा) आणि शाळांच्या ओळखी मिळवणे ही मदत पैशापेक्षाही मोलाची ठरते.

प्रश्न : आमचा महासंघ नवा आणि लहान आहे. पहिल्या दोन वर्षांत नेमके काय करावे?

ज्या चार-पाच देशांत खेळ खरोखर रुजण्याची शक्यता आहे तेवढेच निवडावेत. नियमावली त्यांच्या भाषांत तयार करावी आणि प्रत्येक नियमासोबत चित्रण द्यावे. प्रत्येक देशातून दोन पंच आणि दोन प्रशिक्षक बोलावून त्यांना महिनाभर ठेवून घ्यावे, परीक्षा घ्यावी आणि नापास झालेल्यांना पुन्हा बोलावण्याची तरतूद आधीच करावी. आपल्या प्रशिक्षकाला परदेशात पाठवायचे तर एका वर्षापेक्षा कमी मुदतीसाठी पाठवू नये, आणि तेथील एखाद्या शाळेशी लेखी करार असल्याशिवाय तर मुळीच पाठवू नये.

सदस्य देशांची यादी वाढवण्याचा मोह या काळात टाळावा. एखाद्या देशात लेटरहेड आहे, अध्यक्ष आहे, पण मैदान नाही, अशा सदस्यांमुळे आकडा फुगतो आणि मतदानात त्यांचा गैरवापर होतो. संलग्नतेचा अर्ज आला की किमान चार क्लब, एक पूर्ण झालेली राष्ट्रीय स्पर्धा, तिचे गुणपत्रक आणि खेळाडूंची वयासह यादी मागावी. तोवर त्या देशाला निरीक्षक म्हणून सभेला बोलावावे. मताचा अधिकार ही कागदपत्रे तपासून झाल्यावरच द्यावा.